चंद्री बोळाशी थांबली

काय सांगू तुम्हाला पावणं, आमी पिढीजात गवळी, माझा जन्मच गोठ्याशेजारच्या खोलीतला, आन् आमची रीत म्हंजी म्हस चौकातल्या दुधाच्या कट्ट्यावर न्ह्यायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पिळायची आन् फेसासकट पेला त्येच्या हातात द्यायचा. बाबा म्हणायचा, लबाडीला हितं जागाच न्हाय. तुमी बसा की, मला एका जागी बसवत न्हाय, गोठ्यात खुट्ट झालं तरी उठून बघतो.

तर चंद्री. तिचं रेडकू मेलं आन् तिनं पान्हा चोरला. कास धुतली, पेंड ठेवली, हाका मारल्या, न्हाय म्हंजी न्हाय. कट्ट्यावर गिऱ्हाइकं पेले घिऊन उभी. एकानं सांगितलं, पान्ह्याचं इंजेक्शन चोरून मिळतंय, टोचलं की लगेच धार. आमची सुशीला, बायको, म्हणाली, हात लावू नगासा त्येला, रेडकाचं काम सुईनं व्हतंय व्हय? म्या म्हटलं, चार दिस फकस्त. त्ये चार दिस वरीसभर चाललं बगा. कट्ट्यावर चारचौघांत टोचता येईना, मग अलीकडं बोळ हाय, तितं तिला भिंतीला लावायची, मानंत सुई द्यायची आन् बिगीबिगी कट्ट्यावर आणायची. गिऱ्हाइकं म्हणायची, तुझ्या हाताला गुण हाय गड्या. मी हसायचो. लाज वाटायची, पर हसायचो.

मग दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याला आमी म्हशी सजवून पळवतो, मालक मोटरसायकलवर फुडं आन् म्हस मागनं, दोरी न्हाय काय न्हाय, निसती हाक. चंद्री रेडी व्हती तवापासनं माझ्या हाकंवर पळती. त्या दिशी बी पळाली, शेपूट वर करून, शिंगाला रंग, गळ्यात घुंगरं, लोकांच्या शिट्ट्या, सुशीला कट्ट्यावर आरती घिऊन उभी. आन् बोळाच्या तोंडाशी आली तशी थांबली. हाक मारली, येईना. परत मारली. तर आपसूक आत वळली, भिंतीला लागली, मान फुडं केली आन् थरथर कापाय लागली. समदी बघायलीत, जाणत्या गवळ्यांनी वळखलं, माना फिरवल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आरती तशीच घिऊन सुशीला घरला गेली.

सुया त्याच दिशी फेकल्या. आता कट्ट्यावर तोंडानं सांगतो, म्या तिला टोचत व्हतो, आता टोचत न्हाय, पेला भरंल का न्हाय ठाव न्हाय, थांबायचं तर थांबा. निम्मी गिऱ्हाइकं गेली. बोळ चुकवून लांबच्या रस्त्यानं दोरी लावून न्हेतो तिला, तरी मानंवर हात ठेवला की अंग चोरती. माझाच हात हाय न्हवं त्यो. तीच हाक मारतो रोज, सकाळ-संध्याकाळ, ती कान हलवती, जागची हलत न्हाय. थांबा, गोठ्यात तिचं घुंगरू वाजलं काय? न्हाय. भास झाला.

तुमच्या लेकराबाळांचं चांगलं हुंदे पावणं. गवळ्याच्या घरात कोरा च्या देतोय, राग मानू नगासा. चंद्रीनं आज बी काय दिलं न्हाय.