नकाशात हिरवा पाडा

(शहादा. बसस्टँडसमोर चेतनाचं मोबाईलचं दुकान. डोंगरातून बाजाराला उतरलेले वाहरू आणि त्याची बायको रमिलाबाई काउंटरपाशी उभे आहेत.)

चेतना : घाई नका करू दादा. कार्ड काय, आत्ता काढून देते. आधी सांगा, फोनवर बोलता कुठे बसून?

वाहरू : घरात लागत असता तर तुझ्याकडे कशाला आलो असतो? आमच्या पोरानं, ईश्वरनं सांगितलंय, ही मोठी कंपनी घ्या. नवापूरला त्याच्या सेठकडे हीच आहे. पोल्ट्रीच्या शेडमध्ये, पत्र्याखाली, तिथंसुद्धा लागते.

रमिलाबाई : कोंबड्यांना लागते. माणसांचं विचार.

चेतना : नवापूर हायवेवर शे, मावशी. तिथं बठ्ठ्याच, सगळ्याच कंपन्या लागतात. तुमचं गाव कोणतं?

वाहरू : काठी गावाच्या पुढं. आमचा पाडा खाली खोऱ्यात, वर टेकडी. तू प्लॅन सांग.

चेतना : हा महिन्याचा, बोलणं कितीही, रोजचं नेट वेगळं. हा तीन महिन्यांचा, जरा स्वस्त पडतो. आणि हा नुसता बोलायचा. तुमच्याकडे बटणांचा फोन शे, नेटचं काय करशात? हाच घ्या.

वाहरू : बोलणं कितीही? म्हणजे ईश्वर कामावरून सुटून झोपेपर्यंत बायकोशी बोलला, तरी चालेल?

चेतना : चालेल ना. टॉवर पोचला तर.

रमिलाबाई : हे ‘पोचला तर’ कोणत्या प्लॅनमध्ये येतं, ताई? तेवढं दे आम्हाला.

वाहरू : तू गप गं.

रमिलाबाई : गप का? ताई, नवराबायकोचं बोलणं राहू दे. आमची सून सुनिता, ईश्वरची बायको, तिचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण आहे. मागल्या पावसाळ्यात आमच्या पाड्यातल्या जामसिंगची सून अशीच अडली होती. गाडी बोलवायला माणूस टेकडी चढला, रेंज शोधली, गाडी आली. तोवर ती गेली. मला त्याची भीती आहे. झोप येत नाही मला.

चेतना : अरे देवा.

वाहरू : म्हणून तर कंपनी बदलतोय! घरातून फोन लागला की घरातूनच गाडी बोलवायची. मग कशाला भ्यायचं?

चेतना : थांबा, कंपनीचा नकाशा बघते. जिथं हिरवं, तिथं रेंज. हे काठी... हा घाट... हा तुमचा पाडा का?

वाहरू : हो हो, हाच. हा ओढा आमचाच.

चेतना : हा तर हिरवागार शे.

वाहरू : बघ! बघ गं, हिरवागार!

रमिलाबाई : आपल्या पाड्यातल्या फत्तेसिंगनं हेच कार्ड घातलंय ना? मग त्याचा फोन घरात मेल्यासारखा का पडलेला असतो?

वाहरू : त्याचा फोनच तसला. दोनदा ओढ्यात पडलाय.

चेतना : एक मिनिट दादा. फत्तेसिंगचा फोन पाड्यात कुठंच लागत नाही?

रमिलाबाई : टेकडीवर लागतो. मोहाच्या झाडाखाली. तिथं सगळ्यांचेच लागतात. खाली उतरलं की संपलं.

चेतना : मग हे हिरवं आलं कुठून? कोणी मोजायला आलं होतं का? कंपनीचा माणूस?

वाहरू : आला होता की! होळीच्या आधी. पोरगाच होता, पाठीवर पिशवी, हातात दोन फोन. म्हणाला, काका, तुमच्या पाड्यात रेंज कशी आहे ते बघायचंय. म्हटलं, चल. असा घाम आलेला त्याला! उन्हात चालायची सवय नाही बिचाऱ्याला.

चेतना : मग कुठं नेलं त्याला?

वाहरू : कुठं म्हणजे? मोहाखाली. खाटलं वर नेलं चौघांनी उचलून. पाणी नेलं. कोंबडा कापला, तिथंच चूल मांडली. पाहुणा होता, ताई. ज्या कामाला आला, ते काम त्याचं नीट व्हायला नको? एवढ्या लांबून आला आणि म्हणायचं, इथं काहीच नाही, जा परत? दिवसभर बसून त्यानं फोन दाबले. सगळ्या काड्या भरलेल्या! खूश होऊन गेला. मला म्हणाला, काका, तुमच्या पाड्यात एक नंबर रेंज आहे.

चेतना : आणि खाली, घरांमध्ये?

वाहरू : खाली कशाला? जेवण तर वर होतं.

चेतना : दादा...

वाहरू : काय झालं?

चेतना : कंपनीच्या आतलं मला माहीत नाही. मी कार्ड विकणारी बाई. पण त्यानं मोहाखाली बसून मोजलं आणि अख्खा पाडा हिरवा करून टाकला, असं दिसतंय. जिथं हिरवं शे, तिथं टॉवर कोण उभा करणार?

वाहरू : म्हणजे आम्ही त्याला चांगली जागा दाखवली, म्हणून?

रमिलाबाई : मी म्हटलं होतं, घरी आण. ओट्यावर बसव, भाकर घाल, इथंच मोज म्हणावं. पण नाही! याला मिरवायचं होतं. आमच्या पाड्यात सगळं आहे!

वाहरू : मिरवायचं नव्हतं. लाज वाटत होती मला. कोणी आलं की आपण नुसतं नाही नाहीच म्हणत असतो. रस्ता नाही, दवाखाना नाही. एक दिवस ‘आहे’ म्हटलं.

रमिलाबाई : ...बरं. पाणी पी. रडू नको इथं.

चेतना : दादा, तक्रार करता येते. मी लिहून देते. परत कोणी मोजायला आलं की त्याला घरात बसवा. कितीही लाज वाटली तरी घरातच.

रमिलाबाई : तो येईपर्यंत सुनिताचं पोर चालायला लागेल. पूर्वी आम्ही एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराला कूक द्यायचो, ताई. असा लांब आवाज, कू... म्हणून. समोरचा ऐकायचा, पुढच्याला द्यायचा. कसला रिचार्ज आणि कसलं काय! आता हातात फोन आलाय आणि पोरी कूक द्यायला लाजतात.

चेतना : मावशी, मी काही आज हे कार्ड विकत नाही तुम्हाला. माझं ऐका. उद्याच सुनेला खाली आणा. धडगावला दवाखान्याजवळ कोणी ओळखीचं शे का?

रमिलाबाई : माझी बहीण आहे. होळी झाल्यापासून हेच सांगतेय मी. पण याचं एकच, कंपनी बदलू, कंपनी बदलू.

वाहरू : आणतो. उद्या उजाडलं की आणतो. झालं? आशाताईनं अजून पंधरवडा सांगितलाय, आपल्याकडे वेळ... थांब. फोन वाजतोय.

रमिलाबाई : ईश्वरचा असेल.

वाहरू : नाही, शेजारच्या अनुसयाबाईचा. हॅलो? हां, शहाद्याला आहे. मोठ्यानं बोल! ...कुठून? टेकडीवरून? ...कधीपासून?

रमिलाबाई : काय म्हणते? अरे, सांग ना!

वाहरू : सुनिताला कळा सुरू झाल्यात. सकाळपासून.

रमिलाबाई : आई गं!

चेतना : फोन चालू ठेवा दादा, ठेवू नका. मी माझ्या फोनवरून एकशे आठ लावते. ...हॅलो, गाडी पाहिजे हो, बाळंतपणाची. काठीच्या पुढं, खोऱ्यातला पाडा. ...हो, लिहून घ्या. ...तिथला नंबर? थांबा, देते. मावशी, गाडीवाला घाटाच्या तोंडाशी येऊन फोन करेल, कोणत्या वाटेनं वळायचं ते विचारायला. तिथल्या कोणाचा नंबर देऊ?

वाहरू : अनुसयाचाच दे. दुसरा कोणाचा आहे?

चेतना : मग तिला सांगा, गाडीचा फोन येईपर्यंत खाली उतरू नका म्हणावं. उतरल्या की फोन लागायचा नाही.

रमिलाबाई : ती टेकडीवर, मी इथं. मग सुनिताजवळ कोण?

वाहरू : अनुसया, घरात कोण आहे तिच्याजवळ? ...कोणीच नाही म्हणते. सगळे रानात गेलेत. रुखमाबाई सुईण पलीकडच्या उतारावर आहे, शेतात.

रमिलाबाई : आण इकडं तो फोन. अनुसया, मी रमिला. रडू नको, ऐक. तू तिथंच मोहाखाली थांब. रुखमाबाईच्या शेताकडं तोंड कर आणि कूक दे. ...लाजतेस कशाला, दे! ...हां. आता गप राहा. तिच्याकडून उलट कूक आली का? ...नाही? परत दे. पोटातून दे, अनुसया. मी इथं ऐकतेय.