अकरा शेरे, एक धूर

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या प्राचार्या उत्तराताई. संस्थेचे अध्यक्ष कृष्णकांतजी. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते विश्वनाथ सर. त्यांच्या शेजारी बसलेल्या चारुशीलावहिनी. समोरचे प्राध्यापक, ऑफिसचे लोक, आजी-माजी विद्यार्थी, आणि मागे उभी राहून मोबाईल पाहत असलेली मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी वच्छला. उमरेड रोडच्या टेकडीवर आपल्या कॉलेजची दुर्बीण आहे, तिथे बारा वर्षांपासून रोजंदारीवर झाडझूड आणि चहापाणी करते. मला बोलायला दोन मिनिटं दिली आहेत. कृष्णकांतजींना दहा होती, ते पंचवीस बोलले. बाकीची पंधरा त्यांनी कुणाच्या वाट्याची घेतली ते त्यांनाच माहीत. पण आलुबोंड्यांची पाकिटं माझ्या ताब्यात आहेत आणि माझं बोलणं झाल्याशिवाय ती वाटली जाणार नाहीत. तेव्हा घाई मला नाही.

सरांबद्दल चांगलं सगळ्यांनी बोलून झालं. ते खरं आहे. वक्तशीर आहेत, शिस्तीचे आहेत, कुणाचा फुकट चहा पीत नाहीत. मी ते परत सांगत बसत नाही. मला आज सरांची सही पाहिजे. उद्यापासून सर रिटायर, मग त्यांची सही टेकडीच्या वहीत चालणार नाही. म्हणून ही वही मी पिशवीत घालून आणली आहे. कुणाला विचारून आणली? कुणालाच नाही.

आता सही कशासाठी, ते सांगते.

सरांनी शोधलेला दगड पेपरात आला होता, तुम्ही वाचलंच असेल. मंगळ आणि गुरूच्या मधे असे लाखो दगड फिरत असतात. आपला त्यातला एक. केवढा आहे? सरांनी मला सांगितलं होतं ते असं, की आपल्या शहरात इतवारीपासून सीताबर्डीपर्यंत पसरेल एवढा. त्याच्याभोवती आणखी एक बारका दगड फिरतो, तो त्याचा चंद्र. तो एकट्या लकडगंज वस्तीत मावेल. दगडालाही चंद्र असतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तुम्हाला होतं काय?

आपला मोठा दगड मी कॉम्प्युटरवर पाहिला आहे. एक टिंब. मला वाटलं माशीने घाण केली, म्हणून फडकं मारलं. निघालं नाही. सर म्हणाले, तोच आहे. मी म्हटलं, बरं.

दगड आधी सापडला, चंद्र नंतर सापडला. मधे मी सापडले.

झालं असं. टेकडीवर सिलिंडर चढवायला कुणी तयार नसतं, म्हणून दुर्बिणीच्या मागच्या खोलीत मी चूल मांडली होती. एका हिवाळ्यात लाकूड ओलं निघालं, धूर घुमटात शिरला आणि सरांचे त्या रात्रीचे फोटो खराब झाले. सर रागावले. रागवायलाच पाहिजे होतं. निरीक्षणाच्या वहीत शेवटी एक रकाना असतो, त्याला शेरा म्हणतात. त्यात सरांनी लिहिलं, "धूर, वच्छला." चूल बंद झाली. मी सकाळीच घरून सरांचीही भाकरी करून न्यायला लागले. सर त्या हिवाळ्यात थंड भाकरी खात होते आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. हे चांगलं मी सांगायचं ठरवलं नव्हतं, पण खरं आहे म्हणून सांगितलं.

पुढे त्या दगडाचा उजेड मधेच कमी झाला, की सर आणि त्यांची विद्यार्थिनी गार्गी तो सगळा भाग बाजूला टाकायचे आणि शेऱ्यात लिहायचे, "धूर, वच्छला." चूल बंद आहे हे दोघांनाही दिसत होतं. पण नाव लिहिलं की काम संपतं. कोण पुन्हा पाहतो? मग सरांनी समजूत करून घेतली, की त्यांची पाठ वळली की मी चोरून चूल पेटवते. मला काढण्याचं पत्र टाइप झालं होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकले. भरभर वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव लांबूनही दिसतं. एका सकाळी टेबल पुसताना वही उघडी होती. मी पानं उलटली. अकरा जागी माझं नाव.

मी विचारलं, "सर, माह्यं नाव इथं काहून लिवलं?"

"धुराची नोंद आहे ती, वच्छलाबाई. मनाला लावून घेऊ नका."

"अकरा डाव लिवलं हाय."

"अकरा वेळा धूर आला."

"ह्यातल्या सतरा तारखेले मी सावनेरले होती. वंदनाच्या पोरीचं लगन होतं. मस्टर पाहा."

वंदना माझी बहीण. गार्गीने मस्टर काढलं. तीन दिवस माझा खाडा. सर चष्मा पुसत म्हणाले, "मग शेतातला असेल कुणाचा तरी."

"शेतातला असन त मंग नाव माह्यं काहून?"

मला राग आला होता, मी थांबले नाही. भिंतीवर त्यांचा एक कागद चिकटवलेला असतो, तो मी रोज झटकते. त्यावर दगडाच्या उजेडाची एक रेघ असते, उजेड कमी झाला की ती खाली येते, आणि शेजारच्या चांदण्यांच्या चार. मी त्यावर बोट ठेवलं.

"मी मिरच्या भाजल्या त गल्लीभर ठसका लागते. एकाच घरी लागत नाही. हा धूर एकट्या दगडालेच कसा लागून राहिला? बाजूच्या चारही रेघा त सरळ हायेत."

सर उठले, कागदाजवळ गेले आणि एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "वच्छलाबाई, चहा ठेवता का?"

मी म्हटलं, "कशावर ठेवू? चूल तुम्ही बंद केली."

त्यानंतर पाच दिवस सर घरी गेले नाहीत. वहिनींना आठवत असेल. टाकून दिलेलं सगळं पुन्हा काढलं. पहिल्या शेऱ्याच्या रात्री पाचही रेघा खाली आलेल्या होत्या. तो धूर होता. बाकीच्या दहा वेळी फक्त दगडाची रेघ खड्ड्यात. आणि खड्डे नेमाने येत होते. बारका दगड मोठ्याभोवती सोळा तासांत एक फेरी मारतो. एकदा समोरून जातो, एकदा मागे लपतो, दोन्ही वेळा उजेड कमी पडतो. गार्गी मला म्हणाली, "काकू, तुमचा धूर घड्याळ लावून येतो."

मग परदेशातल्या लोकांनीही दुर्बिणी लावून पाहिलं आणि बरोबर आहे म्हणून कळवलं. सरांचा लेख छापून आला. शेवटी आभारात माझंही नाव आहे. चहासाठी.

सरांनी ते टाइप केलेलं पत्र माझ्यासमोर फाडलं, तेव्हा मला कळलं की ते होतं. मग स्वतःच्या हाताने चूल पेटवायला बसले. घुमट, खोली, जिना, सगळीकडे धूर. मी आणि गार्गी बाहेर येऊन खोकत होतो. त्या धुराची वहीत नोंद नाही.

सर मला म्हणाले होते, त्या चंद्राला नाव द्यायची वेळ आली तर तुमचं सुचवतो. सध्या त्याला नुसते आकडे आहेत. मी म्हटलं, तिकडे माझं नाव नको, कुणी पाहायला जाणार आहे? इथे आहे ते काढा. तर सर म्हणाले, निरीक्षणाच्या वहीत खाडाखोड करायची नसते, एकदा लिहिलं ते लिहिलं. नियम आहे म्हणतात. मी सोडून दिलं होतं.

पण मागच्या सोमवारी सरांच्या जागी आलेले ऋषिकेश सर टेकडीवर आले. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. चांगले गृहस्थ दिसतात. त्यांनी आल्याबरोबर वही वाचली आणि मला पहिला प्रश्न काय विचारला? "तुमच्या चुलीचा फार त्रास होतो म्हणे?" माझी रोजंदारी आहे. सर शिस्तीचे म्हणून पत्र तरी टाइप झालं, एरवी मला काढायला पत्रही लागत नाही, उद्या येऊ नका एवढं म्हटलं की झालं. विश्वनाथ सर घरी जातील, गार्गी पुण्याला चालली, आणि टेकडीवर माझ्याबद्दल बोलायला फक्त ही वही राहील.

म्हणून सर, खोडू नका. नियम मोडायला मी सांगत नाही. खाली जागा आहे, मी पाहून ठेवली आहे. प्रत्येक शेऱ्याखाली लिहा, "धूर नव्हता, चंद्र होता," आणि सही करा. आजची तारीख घाला. पानांना मी दोरे लावून ठेवले आहेत, शोधावं लागणार नाही. पेनही आणला आहे, चालतो, घरी लिहून पाहिला.

दहाच जागी लिहायचं आहे. अकरापैकी पहिला शेरा तसाच ठेवा. त्या रात्रीचा धूर माझाच होता.

मला इथे बोलावलं त्याबद्दल उत्तराताईंचे, कृष्णकांतजींचे आणि इतका वेळ उपाशी ऐकून घेतलंत त्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार मानते. चारुशीलावहिनी, सरांना थंड भाकरी चालते, रोज गरम करत बसू नका. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. त्या पहिल्या धुराची माफी मी सगळ्यांसमोर मागते. बाकीच्या दहांची मागत नाही.

सर लिहायला लागले की मी पाकिटं वाटायला घेते.