भिंतीवरचा गालिचा

मोल्दोव्हातून इटलीला पार्सलं नेणाऱ्या इलारियोनने म्हणे एकदा जिवंत मेंढी लोणच्याच्या पिंपातून सीमेपार नेली. ते राहू द्या. पण देशाने युरोपीय संघात जायचं का, यावरच्या मतदानाच्या रविवारी त्याच्या व्हॅनपाशी रांगेत उभ्या असलेल्या अग्रिपिना आणि फेव्रोनिया या शेजारणींचं बोलणं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“युरोपात जायचं की नाही, कशावर शिक्का मारलास गं, अग्रिपिना?”

“तू आधी सांग.”

“‘नाही’वर. माझे दोन्ही लेक गिळले त्या युरोपानं. आता गाय पण देऊ?”

“मी ‘हो’वर मारला.”

“तू? काल तर दुकानात युरोपाच्या नावानं बोटं मोडत होतीस.”

“रात्री इटलीहून लिलियाचा फोन आला. म्हणाली, आई, माझ्यासाठी ‘हो’ म्हण.”

“म्हणजे इकडे पगार वाढले की पोरगी परत येणार. चांगलंच झालं की.”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, तुलाच माझ्याकडे यायला सोपं जाईल.”

इलारियोनने अग्रिपिनाचं गाठोडं काट्यावर चढवलं.

“एकवीस किलो, मावशी. धोंडे भरलेत काय?”

“गालिचा आहे रे.”

“अगं, लिलियाच्या लग्नासाठी विणलेला? तो तर तिनं इथून, वाजतगाजत न्यायचा होता ना? अकरा वर्षं भिंतीवर जपलास.”

“मत देऊन घरी गेले, फेव्रोनिया, आणि उतरवला.”