पात्यावरचं झाकण

सासरा : लिहू नकोस, सूनबाई. वही वाचून कुणी सुतार झालं नाही. फळी हातात घे.

सून : घेतली. पण थोडक्यात सांगा, बाबा. शाळेचे बाक पुढच्या महिन्यात द्यायचेत. हे दोन्ही हात बांधून वर पडलेत, तुमचे हात थरथरतात. आता माझ्याशिवाय आहे कोण?

सासरा : बोट फिरव फळीवरून. एकीकडून मऊ, उलटीकडून खरखरीत. मांजर कसं गोंजारतेस? रंधा तसाच मारायचा. उलटा मारलास की ढलप्या निघाल्याच.

सून : कळलं. पुढे?

सासरा : रेघेवर कापायचं नाही, बाहेरून कापायचं. उरलेलं तासता येतं, कमी पडलेलं जन्मात वाढत नाही.

सून : ब्लाउज बेतताना शिलाईला कापड सोडतो, तसं.

सासरा : शहाणी आहेस. आता खाचा पाडायची ही पटाशी. बोथट असली की जोर लागतो, जोर लावला की हात सटकतो. दुसरा हात कायम धारेच्या मागे.

सून : हे यांना शिकवलं होतंत?

सासरा : मिसरूड फुटायच्या आधी.

सून : मग उजव्या हाताची चार बोटं गेली कशी? डावा तळवा चिरला कसा?

सासरा : करवतीच्या मशीनचं पातं वेगळं, पोरी.

सून : त्या पात्यावर झाकण असतं ना?

सासरा : असतं.

सून : आपलं काल झाडताना सापडलं. कपाटामागे. स्क्रू डबीत जपून ठेवलेले.

सासरा : जाड फळ्या अडकत होत्या त्यात. चौकटींचं काम खोळंबलं होतं. म्हटलं, एक दिवस काढू. त्याला आठ महिने झाले.

सून : यांनी काही म्हटलं नाही?

सासरा : म्हटलं ना. "बाबा, बसवू का परत?" मी हसलो. म्हटलं, आम्ही हातकरवतीवर जन्म काढला, तुला पात्याची भीती वाटते?

(सून झाकण बसवून स्क्रू आवळते.)

सासरा : तुला सगळं कळलंय. आता चारचौघांत माझं नाव घेणार?

सून : इस्पितळात विचारलं, तेव्हा यांनीच सांगितलं. "झाकण मीच काढलं, बाबांना माहीत नव्हतं."

सासरा : असं म्हणाला?

सून : माझ्यादेखत.

सासरा : मला वर घेऊन चल.

सून : आत्ता डोळा लागलाय त्यांचा. जेवायच्या वेळी या. आज घास तुम्ही भरवा.