नारिंगी झग्याची खोली

"हॅलो?… फाबियेन? कुठे आहेस तू?… ट्राममध्ये? नोर आहे बरोबर?… उतर. पुढच्या थांब्यावर उतर… नाही, दाखवायला काही उरलेलं नाही. अगं खोली मरू दे, तू आधी लेकीला घेऊन उतर!"

ग्रीट वरच्या मजल्यावरच्या बंद दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. डाव्या तळव्याभोवती गुंडाळलेलं पडद्याचं कापड रक्तानं जड झालं होतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई. माणसाच्या आवडत्या कपड्यावरून त्याची खोली सजवून द्यायची, हा तिचा धंदा. सगळ्या अँटवर्प शहरात लोक तिला त्यासाठीच ओळखत. आज फाबियेनच्या झोपायच्या खोलीचा शेवटचा पडदा लावायचा होता, आणि पाठीमागच्या दाराला आतून लाथा बसत होत्या.

"उतरलीस?… हं. आता ऐक. वाउटर आलाय… हो, तुझाच नवरा, दुसरा कोण? मी शिडीवर होते. खाली उभा राहून म्हणतो कसा, 'हाच तो रंग ना? त्या झग्याचा?' म्हटलं हो. तर माझ्याच पेटीतला कापड कापायचा सुरा उचलला आणि सोफा उभा चिरला… मला? हातावर. मीच मूर्ख, सुरा धरायला गेले… नाही गं, बोटं आहेत जागेवर."

आत काहीतरी टर्रकन फाटलं. ग्रीटनं डोळे मिटले.

"ऐकलंस? पडद्याचं अस्तर होतं ते. कापसाचं फाटतं तेव्हा आवाज वेगळा येतो… अगं, तो बाहेर येत नाही. मी पडद्याची लोखंडी दांडी त्याच्या गुडघ्यावर घातली. दोनदा. पहिली लागली तेव्हाच पडला होता, तरी दुसरी घातली… हो, घातली! मग बाहेर येऊन कडी लावली आणि पोलिसांना फोन केला… येतायत. दहा मिनिटं म्हणाले, सात झाली."

दार हादरलं. ग्रीटच्या दातांवर दात आपटले. तो आतून ओरडत होता, दार उघड म्हातारे, तुझाही गळा असाच चिरतो.

"काय म्हणालीस?… तू येऊन समजूत घालणार? त्याची?… शांत होतो म्हणे! फाबियेन, आत सुरा आहे त्याच्याकडे!… असू दे त्याचा स्वभाव. माझा पण स्वभाव आहे. तू या गल्लीत पाऊल टाकलंस तर त्याच दांडीनं तुझे पाय मोडीन, सांगून ठेवते."

ती दम खायला थांबली. पलीकडे फाबियेन रडत होती, आणि मागे नोर काहीतरी विचारत होती.

"नोरला खायला वॅफल घेऊन दे कुठूनतरी. बसव तिला बाकावर… बसली? बरं. आता मला एक सांग. कुलूप आपण दोघींनी मिळून बदललं. एप्रिलमध्ये तो भावाकडे राहायला गेला, त्याच आठवड्यात. मग आज याच्याकडे किल्ली कुठून आली?… फाबियेन?… मी विचारतेय काहीतरी."

आत काच फुटली, आरसा असणार.

"तू दिलीस… कधी?… सोमवारी. का?… खोली बघून त्याला बरं वाटेल म्हणून."

ग्रीटला आधी हसू आलं. मग आपण ओरडू, असं तिला वाटलं. पण तिचा आवाज खाली गेला.

"नाही, रागावले नाही. थांब, रडू नको. तू पहिल्यांदा माझ्याकडे आलीस ना, सात कपडे घेऊन आलीस. गेल्या वर्षी, ऑगस्टच्या भर उन्हाळ्यात. सातही गळ्यापर्यंत बंद, मनगटापर्यंत बाह्या. मी तेव्हाच ओळखलं होतं गं. मग विचारलं, आणखी काही नाही का, तेव्हा पिशवीच्या तळातून तो बिनबाह्यांचा नारिंगी झगा काढलास. एकदाच घातला होता म्हणालीस, ओस्टेंडच्या समुद्रावर, एकोणिसाव्या वर्षी. मी त्यावरून भिंती रंगवल्या, चुण्या मोजून पडदे शिवले, आणि तुला एका शब्दानं विचारलं नाही. गिऱ्हाईक तुटेल म्हणून गप्प बसले. तू किल्ली दिलीस, मी तोंड मिटलं. दोघी सारख्याच… जिन्यावरून पडलीस म्हणे. मार्चमध्ये. जिन्यावरून पडल्यावर गळ्यावर बोटं उमटतात?"

दाराची वरची फळी तडकली. फटीतून सुऱ्याचं टोक आलं, तिच्या कानापासून वीतभर अंतरावर. ग्रीट सरकली नाही; सरकली असती तर दार गेलं असतं.

"काही नाही… काही नाही म्हटलं ना! बोल तू. बोलत राहा… हं… कुठे धरलं होतं?… आणि नोर कुठे होती?… टेबलाखाली."

खाली गाडीचा करकचून ब्रेक लागला. जिन्यावर बूट वाजले. ग्रीटला कुणीतरी काखेत धरून उचललं आणि बाजूला ओढलं. दोघे पोलीस आत घुसले. खणकन सुरा पडला, मग वाउटरची किंकाळी, मग एकदम त्याचा केविलवाणा आवाज, साहेब, माझं घर आहे हे, हिनंच मला मारलं. लंगडत त्याला बाहेर आणलं तेव्हा त्याच्या केसांत नारिंगी दोरे अडकले होते.

"धरला. हो… जिवंत आहे. गुडघा सुजलाय… नाही, डॉक्टरचं ते बघतील. तू नको बघूस!"

एक तरुण पोलीसबाई तिच्यासमोर उकिडवी बसली आणि हाताचं कापड सोडू लागली. काय झालं, तिनं विचारलं. ग्रीटनं फोन कानाशीच ठेवला.

"फाबियेन, त्या विचारतायत. माझ्या हाताचं मी सांगेन. बाकीचं मला सांगता येणार नाही, ते माझं नाही… भीती वाटते, माहितीये… मलाही वाटली ना, आत्ता वाटतेय… काय?… पुन्हा म्हण."

ग्रीट ऐकत राहिली. मग तिनं फोन पोलीसबाईपुढे धरला.

"घ्या. तिला बोलायचंय. मध्ये टोकू नका, तिचं सांगणं मोठं आहे."