आजीबाईंची साखर

हॅलो?… हॅलो, कोण?… नलिनी? अगं मोठ्यांदा बोल, गिरणी चालू आहे.

हो, वनमालाच बोलतेय. दशरथच्या पिठाच्या गिरणीतून. दुसरा फोन आहे कुठे आमच्या चाळीला?… मिळाला ना निरोप. तव्यावरची भाकरी तशीच टाकून आले… करपली असणार. असू दे.

बोल… उद्याचं ना? लक्षात आहे गं. चार वाजता, देवळासमोर. रेशनिंग ऑफिसर येणार, आपल्या महिला मंडळाला दक्षता समितीचा कागद देणार… हो, शिक्क्यासकट. आता दुकानात बसून वजनं तपासली तर आपल्याला कुणी हटकणार नाही… दोन वर्षं भांडलो गं त्यासाठी. लाटणी घेऊन मोर्च्याला गेलो ते काय उगाच?

बाकं शाळेतून… बरं. हार कुणाकडून?… आणि चहा?… कोण?

चंदूशेठ? रेशनवाला चंदूशेठ चहा देतोय? आपल्याच कार्यक्रमाला?… अगं, कुणाची साखर घालणार आहे तो त्यात?… नाही नाही, चिडत नाही. सहज विचारलं.

हं… हं… काय म्हणालीस? परत सांग, ऐकू नाही आलं.

सगळ्यांसमोर?… म्हणजे आपण पाचही जणींनी आपापलं रेशनकार्ड घेऊन उभं राहायचं आणि त्यातली नावं मोठ्यानं वाचायची?… आधी आमचं बघा, मग तुमचं दाखवा… हो… नाही, चांगलं आहे. झकास आहे. लोकांना पटेल.

पहिलं कुणाचं?

माझं. हो, बरोबर. अध्यक्ष ना मी.

हो, ऐकतेय. ह्या गिरणीपुढे काही सुचत नाही बघ…

अगं ऐक ना, एक भानगड झालीये. कार्ड सापडत नाहीये माझं… झाले दोन दिवस… परवा?… परवा साखर आणली तेव्हा होतं, हो… तू कुठे बघितलंस?… हां, तू माझ्या मागेच होतीस रांगेत. विसरलेच… मग घरातच असेल. डब्याखाली वगैरे. बघते.

नाही गं, तब्येत बरी आहे.

भाषण? लिहिलंय थोडं. रेशनवरची ती परदेशी लाल ज्वारी, मिलो, किती सडकी आली ते, मग ती तागडी, पारड्याखाली चिंच चिकटवलेली आपण पकडली ते… आणि काय घालू?… ते नको. ते उदाहरण नको नलिनी… अगं नाव नको घेऊस. म्हणजे तू घे, तुझ्या घरात तुला कोण ऐकतंय. मी नाही घेत… कारण ती इथेच उभी आहे. रांगेत, तिसरी… हो, तीच. कोळीवाड्यातली.

मोठ्यांदा कशी बोलू? पदर तोंडावर धरून बोलतेय. कान दे जरा.

हो, पकडलं आपण. आपण कशाला म्हणू, मीच पकडलं. तिच्या दारात उभी राहून तिचं कार्ड वाचलं. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली आणि धर्मा म्हणून नाव तसंच कार्डावर. मीच सांगितलं इन्स्पेक्टरला. कार्ड जप्त… महिना होईल आता. पहिलं खोटं नाव आपल्या मंडळानं पकडलं, माहीत आहे मला. इतिवृत्तात पण मीच लिहिलंय ते.

पण तू तिचा डबा बघ गं आत्ता. काळ्या बाजाराची ज्वारी आहे, तळाला जेमतेम. दोन नातवंडं आहेत घरात. आणि मला बघून मान फिरवून उभी आहे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कोळीण आहे, तोंड काही कमी नाही तिला. पण एक शब्द बोलत नाही.

नियम म्हणजे नियम, हो… तूच म्हणालीस असं नाही, मी पण हेच म्हणाले होते.

नलिनी, तुला एक विचारू? तिच्या कार्डाचं मला कुणी सांगितलं, माहीत आहे?… नाही, शेजारणीनं नाही. चंदूशेठनं… हो, तोच. दुकानात बाजूला घेऊन म्हणाला, ताई, तुम्ही एवढं चांगलं काम करता, जरा कोळीवाड्यातली कार्डं पण बघा… अगं आदल्याच आठवड्यात ती त्याच्याशी वजनावरून भांडली होती. साऱ्या दुकानासमोर तागडी उलटी करून दाखव म्हणाली होती त्याला. मला ठाऊक होतं ते. मी तिथेच होते.

मग का ऐकलं?… ऐकलं.

का म्हणजे… ऐकावं लागलं.

दशरथ, जरा पाच मिनिटं बंद करतोस का रे?… बरं, राहू दे, राहू दे. लोकांचा खोळंबा नको.

हॅलो… हो, आहे. अगं, मी दुकानात वजन बघायला वाकले ना, की तो हळूच काय विचारतो सांगू? "आजीबाई बऱ्या आहेत ना?"… दर वेळी. हसत हसत. साखर देताना पुडी वेगळी बांधतो आणि म्हणतो, ही आजीबाईंची.

कोण आजीबाई म्हणजे काय. आमच्या आई. सासूबाई.

हो, वारल्या. चार वर्षं झाली. तू आली होतीस की दहाव्याला.

तेच सांगतेय तुला.

…नलिनी? आहेस ना?

हो. अंजनाबाई, वय सदुसष्ट. अजून आहे नाव… नाही गं, विसरलो कसले. दर आठवड्याला कार्ड पुढे करते मी, दिसत नाही का मला? अंगठा ठेवून झाकते ते नाव. तू मागे उभी होतीस ना परवा, तेव्हा पण ठेवला होता.

कसं म्हणजे… आई गेल्या त्याच आठवड्यात हे गेले होते नाव काढायला. दाखला घेऊन. रांग पार रस्त्यापर्यंत. परत आले, म्हणाले उद्या जाऊ. मग तेराव्याला गोड करायचं होतं, साखर कुठून आणायची? आईंच्याच नावावरची आणली. त्यांच्या तेराव्याला त्यांचीच साखर, म्हटलं, काय बिघडलं? त्यांचंच त्यांना… पुढच्या वेळी चहाला लागली. मग पोरांच्या वाढदिवसाला. मग लागतच गेली… ह्यांना एकदा म्हटलं मी. तर म्हणाले, आईचं नाव मी माझ्या हातानं खोडू? आणि मला ते ऐकून बरं वाटलं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. कारण मिळालं ना.

हं… हं… आज?… आजच जाऊन गुपचूप काढून घेऊ म्हणतेस? उद्या कोरं करकरीत कार्ड वाचायचं… तुझ्या मिस्टरांची ओळख आहे ऑफिसात? हो का… जुनी तारीख पण टाकेल?

तसं करता येईल गं… हो… मंडळाची बदनामी होईल, कळतं मला. इतकं उभं केलंय आपण. आज अख्ख्या चाळीला वजन पुरं मिळतं ते आपल्यामुळे… हो. माझ्या एकटीपायी सगळ्याची वाट लागायला नको. खरं आहे.

दाखला आहे ना. ट्रंकेत आहे… जाते मग. साडेतीन झाले असतील… चालेल… तू त्यांना फोन कर, मी…

थांब. आणि तिचं काय?

सखु… तिचं गं. तिसरी उभी आहे ती. आता दुसरी झाली.

तिचा काय संबंध? अगं, तिचाच तर… नाही, तू ऐक… नाही, एक मिनिट, माझं ऐक. उद्या मी कोरं कार्ड वाचीन, टाळ्या पडतील. तू तिचं उदाहरण देशील. आणि चंदूशेठ समोर चहा वाटत असेल. तो काही बोलणार नाही, नुसता बघेल. मग मी त्याची तागडी कशी तपासू? सांग ना. चार वर्षं मी वाकते ती त्याच्या तागडीपुढे की त्याच्यापुढे, मलाच कळेनासं झालंय.

काय?… ऐकू येत नाही… तुला पण?… अगं मी म्हणते, तिनं केलं तेच मी केलं… तेच… नाही गं, तेच केलं… हॅलो? कसं सांगू तुला… अगं, आमच्या सासूबाई मेल्या तरी त्यांची साखर मी चार वर्षं खातेय, आणि कार्ड मात्र मी सखुबाईचं घालवलं…

…

दशरथ, का बंद केलीस रे?

…दाणे संपले. बरं.

नलिनी… आता आलं ना ऐकू? हो. इथे पण आलं. सगळ्यांना.

सगळे बघतायत. ती पण बघतेय.

सखुबाई… हो. खरं आहे ते… आमची सासू. तुम्ही ओळखत होता त्यांना, बांगडे तुमच्याकडूनच घ्यायच्या… चार वर्षं… हो, चार… नाही, पोलिसांनी नाही धरलं अजून मला, बरोबर आहे तुमचं. मी त्या दिवशी तुमच्या दारात उभी राहून हसले. तुम्ही म्हणालात, त्याचा नाव काढाया मन व्हत नाय. आणि मी म्हटलं, मन होत नाही की साखर सोडवत नाही? आठवतंय मला. रोज आठवतं… मला दोन्ही होतं. मन पण होत नव्हतं आणि साखर पण सोडवत नव्हती. म्हणून तर मला तुमचं एवढं चटकन कळलं.

…

हॅलो, नलिनी, आहे मी… रडत नाहीये, पीठ गेलंय डोळ्यात… हो, रडतेय. मग?

नाही, ओळखीच्या माणसाला फोन नको करूस. मागची तारीख पण नको. कार्ड आहे तसं आणीन उद्या. आईंच्या नावासकट वाचीन. मग ऑफिसरसमोर खोडायला सांगीन. पुढे समितीत ठेवायचं की नाही ते तुम्ही चौघी ठरवा. चहा मात्र आपल्या पैशाचा. नाहीतर बिनसाखरेचा प्या सगळ्यांनी.

दंड होईल, हो. होऊ दे… ह्यांना मी सांगते. तू कशाला सांगतेस?

थांब, ती काहीतरी म्हणतेय… काय सखुबाई?… उद्या याल तुम्ही? माझं कार्ड तुम्ही धरा हातात. वाचता येत नाही तर नुसतं बोट ठेवा आईंच्या नावावर, मी वाचते… याल का?

…

हं.

नलिनी, ती म्हणते, तुझं काय ते तू वाच बाय, मला आधी माझं कार्ड आणून दे… नाही, रागावून नाही. साधंच म्हणाली. डबा उचलून दशरथपुढे ठेवला आणि पाठ केली परत.

बरोबर आहे तिचं. मी माझंच घेऊन बसले होते.

ऐक, ठेवते मी. ऑफिसला जाते… आत्ताच. तिचं कार्ड सोडवायला. धर्माचं नाव काढा आणि बाकीच्यांचं धान्य द्या, एवढंच लिहून द्यायचं. ते मी महिन्यापूर्वीच करू शकले असते. कार्ड जप्त करा असं इन्स्पेक्टरनं नव्हतं म्हटलं गं, मी म्हटलं होतं.

रांग असेल तर उभी राहीन. पाचला बंद होतं… नाही नलिनी, उद्या नको. चार वर्षं आमच्या घरात उद्याच चाललंय.

दशरथ, सुरू कर. सखुबाईंचं घाल आधी… ठेवते गं.