चौऱ्याहत्तर पॉइंट सहा

ऊर्मिला : पण सर, कागदावर रमेशचे पंच्याहत्तर टक्केच दिसतायत. आणि पंच्याहत्तरपासून बी ग्रेड, हे तुम्हीच ठरवलंत.

विष्णू : दिसतात पंच्याहत्तर. आहेत किती?

ऊर्मिला : चौऱ्याहत्तर पॉइंट सहा.

विष्णू : आल्झो, म्हणजे सी.

ऊर्मिला : आकडा आधी राउंड केला आणि मग ग्रेड काढली, तर तो बीमध्ये येतो. फॉर्म्युल्यात तेवढाच बदल आहे.

विष्णू : मग सीमध्ये किती उरतील?

ऊर्मिला : पाच.

विष्णू : मला वर सहा नावं द्यायचीत. सहा कॉन्ट्रॅक्टं जूनमध्ये संपतील, ती वाढवायची नाहीत. मंदी काय मी आणली?

ऊर्मिला : त्याचा आकडा का पडला, माहितीये ना तुम्हाला? मार्चपासून मी हा रिपोर्ट बनवत बसलेय आणि माझ्या वाट्याच्या किचकट तक्रारी तो सोडवतोय. एकेकीला दोन-दोन दिवस जातात. वेळेत कशा सुटणार?

विष्णू : टक्के फक्त वेळेत सुटलेल्या तक्रारींचे असतात. त्यात ते दिसत नाही.

ऊर्मिला : त्याचा इथला व्हिसा या नोकरीवर आहे. नंदिनीला सातवा महिना लागलाय.

विष्णू : त्याची बायको ना ती? चकल्या छान करते. बरं, तुझे किती आहेत?

ऊर्मिला : माझे?

विष्णू : यादीत तूही आहेस. तुझंही कॉन्ट्रॅक्ट जूनपर्यंतच आहे.

ऊर्मिला : पंच्याहत्तर पॉइंट दोन.

विष्णू : राउंड केले तर?

ऊर्मिला : पंच्याहत्तर.

विष्णू : म्हणजे तो पंच्याहत्तर, तू पंच्याहत्तर. सहावं नाव तुम्हा दोघांतूनच मला निवडावं लागणार. तो रोज तक्रारी सोडवतोय. तू रिपोर्ट बनवत होतीस. आणि रिपोर्ट आता बनून झालाय.

ऊर्मिला : सर, हे...

विष्णू : मी काहीच सांगत नाहीये. फॉर्म्युला तुझा आहे. राउंड करायचं तर कर. बारापर्यंत सगळ्यांना मेल गेली पाहिजे.

ऊर्मिला : ...आहे तसाच ठेवते.

विष्णू : गेनाऊ, अगदी बरोबर. आणि मेल तुझ्या नावाने जाऊ दे. एवढं काम केलंयस, लोकांना कळायला नको?

(त्याच दुपारी, कँटीनमध्ये. रमेशच्या हातात रिपोर्टचा कागद.)

रमेश : बसू का? जेवली नाहीस अजून?

ऊर्मिला : भूक नाहीये.

रमेश : जरा हे बघ ना. माझ्या नावापुढे पंच्याहत्तर आहेत. इथे वर लिहिलंय, पंच्याहत्तरपासून बी. मग मला सी कसा आला? काहीतरी चुकलंय बहुतेक. तू सरांना सांगशील? तुझं ऐकतात ते.

ऊर्मिला : चूक नाहीये, रमेश.

रमेश : अगं, पण पंच्याहत्तर...

ऊर्मिला : ते छापताना राउंड होतात. ग्रेड मूळ आकड्यावर निघते. तुझे चौऱ्याहत्तर पॉइंट सहा आहेत.

रमेश : असं होय. म्हणजे पॉइंट चारने गेलो.

ऊर्मिला : हो.

रमेश : आणि हे असंच काढतात का? म्हणजे आधी राउंड करून वगैरे काढता येत नाही?

ऊर्मिला : नाही. असंच काढतात.

रमेश : मग ठीक आहे. तू बनवलायस म्हणजे बरोबरच असणार. मी उगाच मेल आल्यापासून शंका घेत बसलो. तुझं काय झालं?

ऊर्मिला : बी.

रमेश : वाचलीस! मला तुझीच धास्ती होती. तीन महिने तुला धड कामच करू दिलं नाही त्यांनी. त्या तक्रारी तुझ्याकडे असत्या तर तू नक्की गेली असतीस.

ऊर्मिला : रमेश...

रमेश : अगं, रडतेस काय? बघू काहीतरी. डार्मश्टाट शहरात एका ठिकाणी माणसं घेतायत म्हणे. फक्त एक कर. नंदिनीचा तुला फोन येईल आज. तिला मी सावकाश सांगीन. तू काही बोलू नकोस.

ऊर्मिला : नाही बोलणार.